सोनाराची फळी

व्हीलचेअर बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे सोनार म्हणत. सोन्याशी त्याचा संबंध बायकोच्या कानातल्या दोन फुलांपुरताच होता. पण कुठलीही वस्तू डोळ्याजवळ नेऊन, डावी भुवई वर करून न्याहाळायची त्याची सवयच अशी होती, की पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी गमतीने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. घरी बायको रागावली की भांड्यांचा ढीग त्याच्यापुढे सरकवून म्हणायची, "घ्या, तपासा. शिक्का मिळाल्याशिवाय मी फडताळात ठेवायची नाही."

त्याचं टेबल शेडच्या अगदी टोकाला, उत्तरेच्या खिडकीखाली होतं. चाकाच्या मध्यभागी जो हब बसतो, तो चार लेथवर तयार होऊन शेवटी त्याच्याकडे येई. हबच्या छिद्रात बेअरिंग दाबून बसवतात. छिद्र मापात असेल तर चाक एका बोटाने लोटलं तरी फिरतं. बारीक असेल तर बेअरिंग आवळलं जाऊन चाक जड होतं, आणि मोठं असेल तर चाक डुगडुगतं. हे तपासायला सोनाराकडे एक गेज होतं. हाताच्या पंजाएवढी पोलादी दांडी, दोन्ही टोकं गोल. एक टोक किंचित बारीक, दुसरं किंचित जाड. फरक केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. बारीक टोक छिद्रात गेलंच पाहिजे, जाड टोक जाता कामा नये. दोन्ही जमलं की तो हबवर निळा शिक्का मारी. नाही जमलं तर हब पायाशी ठेवलेल्या लाल पेटीत.

ते गेज त्याला पहिल्या फोरमनने दिलं होतं. "हे तुझं. जिवापाड जप," एवढंच तो म्हाताऱ्या माणसाच्या तुटक पद्धतीने म्हणाला होता. सोनाराने ते खरोखरच जिवापाड जपलं. मखमलीच्या पिशवीत ठेवलं, कुणाला हात लावू दिला नाही. आणि दर शनिवारी, शिफ्ट संपायला अर्धा तास उरला की, खिशातून पॉलिशची चपटी डबी काढून, मऊ फडक्यावर बोटभर घेऊन तो गेज घासत बसे. दोन्ही टोकं आरशासारखी होईपर्यंत. नव्या कामगारांना ते दाखवायला आणत. "बघा रे, याला म्हणतात हत्यार ठेवणं."

वर्षातून एकदा प्रत्येक गेज मापनखोलीत पाठवून तपासून घ्यायचं, असा नियम होता. गेजबरोबर एक पिवळं कार्ड असे, त्यावर तारीख, शेरा आणि सही. पहिली काही वर्षं सोनाराने गेज पाठवलं. मग एकदा ते परत आलं तेव्हा त्याच्या अंगावर बारीकसा ओरखडा होता. त्या दिवशी तो जेवला नाही. त्यानंतर त्याने गेज पाठवलंच नाही. दर वर्षी ठरलेल्या तारखेला स्वतःच कार्डावर लिहायचा, 'ठीक', आणि खाली सही. अशा सहा सह्या झाल्या होत्या. यात काही खोटं आहे, असं त्याला वाटलं नव्हतं. आपलं गेज ठीक आहे हे त्याला ठाऊक होतं. मग लिहायला काय हरकत?

आणि फळी. ती त्याचीच कल्पना. कॅन्टीनच्या दाराशी, हात धुवायच्या नळाच्या वर, आठ खिळे ठोकलेली एक लाकडी फळी होती. बाद झालेले हब तिच्यावर महिनाभर टांगलेले असत, खाली खडूने कामगाराचा नंबर. "लाज वाटली की हात सुधारतो," असं सोनार म्हणे. महिना झाला की ते हब तारखेची चिठ्ठी बांधून टेबलाखालच्या पेटाऱ्यात जात. तो काहीही टाकून देत नसे.

त्याचा धाकटा भाऊ याच कारखान्यात लेथवर होता. हातात जादू असलेला माणूस. तो आजारपणात गेला तेव्हा त्याच्या जागी त्याच्या बायकोला घ्यावं म्हणून सोनारानेच शब्द टाकला. भावजय लेथ शिकली, आणि लवकर शिकली. नवऱ्याने घरी गप्पा मारता मारता बरंच काही सांगून ठेवलं होतं. पण दीर शेवटच्या टेबलावर आणि भावजय दुसऱ्या लेथवर. लोक काय म्हणतील, हा विचार सोनाराच्या मनातून पहिल्या दिवसापासून गेला नव्हता. म्हणून तिच्या हबवर त्याची भुवई जरा जास्तच वर जाई.

आणि तिचे हब बाद होऊ लागले. नेमके तिचेच. जाड टोक थोडं दाबलं, पिळलं, की सुळकन आत. सकाळचे तर हमखास. फळीवरच्या आठ खिळ्यांपैकी पाच-सहा तिच्याच नंबराचे असायचे.

एका दुपारी नळाशी हात धुताना ती त्याला म्हणाली, अगदी हळू म्हणाली, "भाऊजी, एकदा तुमचं गेज तपासून आणता का? मी तीन-तीनदा मोजते हो."

आजूबाजूला वीसेक माणसं डबे घेऊन उभी होती. सोनाराच्या कानशिलाला आग लागली. तो मोठ्याने म्हणाला, "वा! नाचता येईना, अंगण वाकडं! अहो, हे गेज तुमच्या लग्नाच्या आधीपासून माझ्या खिशात आहे."

सगळे हसले. ती हसली नाही. महिन्याभराने तिला लेथवरून काढून पॅकिंगला टाकलं. हबला प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि खोक्यावर लेबल चिकटवायचं. तिने तक्रार केली नाही. फक्त सोनाराच्या घरी येणं बंद केलं. त्याची बायको अधूनमधून म्हणे, "दोन वर्षं झाली, जाऊबाईंनी या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही." सोनार म्हणे, "मी काय माझ्या मनाचं केलं? माप म्हणजे माप."

हे सगळं असंच चाललं असतं. पण एका इस्पितळातून पत्र आलं. तिथल्या मुख्य नर्सबाईंनी लिहिलं होतं, की तुमच्या खुर्च्यांची चाकं इतकी जड आहेत की पेशंटला स्वतःच्या हाताने ती ढकलता येत नाहीत. मग त्याला खुर्ची दिली काय आणि पलंगावर ठेवला काय? पत्राबरोबर बारा खुर्च्या परत आल्या. प्रत्येक चाकाच्या हबवर निळा शिक्का होता.

त्याच महिन्यात मालाचा दर्जा बघायला नव्या मॅडम आल्या. सोनाराच्या मुलीच्या वयाच्या. आवाज बारीक, पायात कापडी बूट, हातात वही. पहिले पंधरा दिवस त्या नुसत्या मशीनजवळ उभ्या राहून बघत होत्या. मग एक दिवस सोनाराच्या टेबलाशी स्टूल ओढून बसल्या.

"काका, महिन्याला किती बाद होतात?"

"सहा. कधी आठ." सांगताना त्याची छाती थोडी पुढे आली.

"त्यातला एखादा तरी किती वाजता बिघडला, सांगता येईल?"

"ते मला काय ठाऊक? माझ्यापाशी येतात ते बिघडूनच येतात."

"तेच ना. दळून झाल्यावर पिठातले खडे वेचतोय आपण. धान्य निवडायचं राहतंय. प्रत्येक लेथवर गेज द्यायचं. ज्याने हब केला त्यानेच दर दहावा मोजायचा आणि समोरच्या कागदावर ठिपका द्यायचा. ठिपके हद्दीच्या रेषेकडे सरकायला लागले की मशीन थांबवायचं. चूक पकडायची नाही, होऊच द्यायची नाही."

"आणि मोजणार कोण? करणाराच?" सोनार हसला. शेजारी उभ्या असलेल्या सुपरवायझरला म्हणाला, "साहेब, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! उद्या परीक्षेचे पेपरही पोरांनाच तपासायला द्या."

सुपरवायझर हसला. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, काका, सुरुवात म्हणून सगळी गेज मापनखोलीत पाठवतेय. तुमचंही द्या."

"माझं कार्ड बघा. दर वर्षी ठीक."

"बघितलं," मॅडम म्हणाल्या आणि हात पुढे धरून बसल्या. सोनाराने मखमलीची पिशवी त्या हातावर ठेवली.

गुरुवारी दुपारी त्यांनी त्याला मापनखोलीत बोलावलं. तिथे कायम गार असायचं आणि दार लागलं की शेडचा आवाज एकदम तुटायचा. टेबलावर त्याचं गेज होतं, पिशवीबाहेर, उघडं. शेजारी त्याच्याच टेबलाखालच्या पेटाऱ्यातले हब ओळीने मांडलेले, त्याच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. एकेचाळीस. सगळे भावजयीच्या नंबराचे.

"काका, गेज झिजलंय," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही टोकं. केसाच्या सहाव्या हिश्श्याइतकी."

"पोलाद आहे ते. असं कसं झिजेल?"

"वापरून थोडं. पण एवढं नाही." त्यांनी घुटमळत विचारलं, "तुम्ही ते कशाने साफ करता?"

सोनाराचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. डबी खिशातच होती. त्याला काही सांगावं लागलं नाही. कुणी गणित मांडावं तसं ते सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आपोआप उलगडत गेलं. बारीक टोक आणखी बारीक झालं, म्हणून ज्या छिद्रांत ते जायला नको होतं त्यांतही जात राहिलं. ते हब शिक्का घेऊन इस्पितळात गेले. जाड टोकही बारीक झालं, म्हणून चांगल्या छिद्रांतही शिरत राहिलं. ते हब फळीवर गेले. इतकी वर्षं दर शनिवारी अर्धा तास बसून त्याने आपल्या हाताने खरं माप पुसून टाकलं होतं.

"यातले बाद किती?" त्याने एकेचाळीस हबांकडे बोट केलं.

"तीन. अडतीस चांगले आहेत. चांगले म्हणजे, उत्तम आहेत. सकाळचे सगळे मोकळ्या बाजूला ठेवलेत. मुद्दाम. दिवसभरात लेथचं हत्यार झिजतं, छिद्र बारीक होत जातं. सकाळी मोकळं धरलं की संध्याकाळपर्यंत माप सुटत नाही. कुणीतरी फार चांगलं शिकवलंय त्यांना."

कुणी शिकवलं ते सोनाराला ठाऊक होतं. धाकट्याची ती युक्ती. तो ती रात्री जेवताना ताटात बोटाने रेघ ओढून समजावत असे, आणि सोनार म्हणत असे, "जेव आधी."

मॅडमनी कार्ड त्याच्यासमोर ठेवलं नाही, उलटं करून बाजूला सरकवलं. ते त्याला जास्त लागलं. "मी अहवालात लिहिते, गेज झिजलेलं होतं, बदललं. एवढं पुरे आहे. बाकीचं कुणाला कळायची गरज नाही. आणि त्यांना लेथवर परत घ्यायचं मी बघते."

"बरं," सोनार म्हणाला. 'बरं' म्हणाला, हेच त्याला पुढचे चार दिवस खात राहिलं.

सगळं आपसूक निस्तरणार होतं. भावजय लेथवर जाणार, नवं गेज येणार, त्याची लाज मापनखोलीत बंद राहणार. आणखी काय हवं? शुक्रवारी नळाशी हात धुताना त्याने मान वर केली नाही. शनिवारी घासायला गेज नव्हतं. तो अर्धा तास त्याने रिकाम्या टेबलावरची धूळ पुसण्यात घालवला. पॉलिशची डबी घरी नेऊन फडताळात ठेवली. रविवारी बायकोने त्या पॉलिशने दाराची पितळी कडी घासली आणि म्हणाली, "किती झकास निघतं हो! इतकी वर्षं कारखान्यात कशाला वाया घालवलीत?"

सोनार ताटावरून उठला.

"काय झालं? मी काय बोलले?"

तेव्हा त्याने तिला सांगितलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं. घरात भांडण झालं तर तीच जिंकते, पण त्या दिवशी तिने भांडण केलंच नाही. पदराने हात पुसत एवढंच म्हणाली, "मला काय सांगता? मी थोडीच फळीवर टांगले गेले होते!"

संध्याकाळी साडेपाचला तो भावजयीच्या दारात उभा होता. दोन खोल्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना तो दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा धाप लागली म्हणून नाही. तिने दार उघडलं, त्याला पाहिलं आणि डोक्यावरचं फडकं सोडत म्हणाली, "या. बसा."

पाणी आणलं. त्याने पेला हातातच धरून ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. गेज, पॉलिश, एकेचाळीस, अडतीस. कार्डावरच्या सह्यांचं त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं. "तू म्हणाली होतीस. तेव्हाच म्हणाली होतीस. आणि मी..."

"नाचता येईना," ती म्हणाली.

सोनाराने मान खाली घातली.

"मला वाटलं, खरंच माझा हात बिघडला," ती सरळ, रोजच्या आवाजात सांगत होती. "यांनी शिकवलेलं मला नीट कळलंच नाही, असं वाटलं. यांच्या फोटोसमोर बसून विचारायचे, काय चुकतंय माझं? फळीचं काही नाही हो, भाऊजी. हसतात लोक, विसरतात. पण मी यांच्यावर संशय घेतला. फोटोलाच म्हणाले, तुम्हीच चुकीचं शिकवलंत मला."

सोनाराला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही. तो म्हणाला, "मला माफ कर. मॅडम तुला लेथवर परत घेतायत. गुपचूप सगळं नीट होईल."

"गुपचूप?" तिने त्याच्या हातातला पेला काढून घेतला, पाणी तसंच होतं. "इथे माझ्या घरात येऊन सांगितलंत, बरं केलंत. पण भाऊजी, फळी माझ्या घरात नव्हती. कॅन्टीनच्या दाराशी होती."

एवढं बोलून ती आत गेली आणि त्याच्यासाठी चहा ठेवला. चहा त्याने प्यायला. चव कळली नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो नळाशी जाऊन फळीखाली उभा राहिला. नेहमीप्रमाणे लोक डबे घेऊन आले. कुणीतरी ओरडलं, "काय सोनार, आज कुणाचा नंबर लावताय?"

"माझा," सोनार म्हणाला.

दोघेतिघे हसले, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. पाठ केलेलं सगळं तो विसरला होता. वाक्यं मागची पुढे, पुढची मागे झाली. आधी सह्यांचं सांगितलं, मग पॉलिशचं, मग पुन्हा सह्यांचं. "...तिचे अडतीस हब चांगले होते. मी बाद केले. इस्पितळातून आलेल्या बारा खुर्च्या, त्या मी पास केल्या होत्या. मी. ती बोलली होती मला, इथेच. मी तिला वाट्टेल ते बोललो. तुम्ही हसलात. मीच हसवलं." मग तो म्हणाला, "एवढंच."

कुणीही हसलं नाही. कुणी डब्याच्या कड्या उघडत होतं, कुणी नळ बंद करत होतं. चिडवलं असतं तर त्याला सोसलं असतं. मग पहिल्या लेथवरचा म्हातारा कारागीर, डब्यातून नजर न काढता म्हणाला, "आम्हाला थोडं ठाऊक होतं, सोनार. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी सांगायचो, छिद्र जरा बारीकच काढ. सोनाराला बारीक आवडतं. म्हणजे तुझा नंबर फळीवर जात नाही."

सोनाराला वाटलं होतं की सांगून टाकलं की हलकं वाटेल. तो भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणजे सगळी शेड, सगळी वर्षं, चाकासाठी नाही, त्याच्यासाठी हब करत होती. एकटी तीच चाकासाठी करत होती, आणि तिलाच त्याने टांगलं होतं.

भावजय पॅकिंगवाल्या बायकांबरोबर दाराच्या पलीकडे उभी होती. तिने सगळं ऐकलं. जवळ आली नाही, गेलीही नाही. मग डबा उघडून सगळ्यांसारखी जेवायला बसली.

फळी त्याच दिवशी निघाली. स्क्रू सोनाराने स्वतः काढले. भिंतीत दोन भोकं राहिली. चुन्याने भरली तरी जागा कळते, आणि त्याचे डोळे हात धुताना नेमके तिथेच जातात.

त्याचं टेबलही आता नाही. खिडकीखाली नव्या मॅडमनी लेथवाल्यांसाठी हत्यारं बदलायचं बाकडं टाकलं आहे. सोनाराला दुसरं काम दिलं. चार लेथवरची चार गेज, दर सोमवारी सकाळी गोळा करून मापनखोलीत न्यायची, तपासून आणायची, कार्डं भरायची. हे काम मॅडमनी त्याला दिलं, की त्याने मागून घेतलं, याबद्दल शेडमध्ये दोन मतं आहेत. तो ती कोरड्या फडक्याने पुसतो. चिमटीत धरतो, दाबत नाही.

पहिल्या सोमवारी तो दुसऱ्या लेथशी गेला तेव्हा भावजय काम थांबवून समोरच्या कागदाकडे बघत होती. कागदावर तिचे शनिवारचे ठिपके होते. सकाळचे वरच्या बाजूला, मग हळूहळू, एकामागोमाग, उतरत उतरत संध्याकाळपर्यंत मधल्या रेषेवर. एकही हद्दीच्या रेषेबाहेर नाही. धाकटा ताटात बोटाने जी रेघ ओढायचा, ती हीच. इतकी वर्षं शेवटच्या टेबलावर एकेक हब डोळ्याजवळ धरून बघताना सोनाराला ती कधी दिसली नव्हती.

तिने गेज त्याच्या हातात दिलं. त्याने खिशातून पेन काढलं आणि सवयीने कार्ड बाकावर ठेवून तारखेच्या रकान्याकडे हात नेला.

भावजयीने कार्डावर तळवा ठेवला.

"आधी तपासून आणा, भाऊजी," ती म्हणाली. "सही मग."

"हो," सोनार म्हणाला. पेन खिशात ठेवलं, आणि तापलेल्या कानांनी, गेज दोन्ही हातांत धरून, सगळ्या शेडमधून चालत मापनखोलीकडे निघाला.